एचआयव्ही हे बाईला डांबून ठेवण्याचं कारण नाही : पीटा प्रकरणं चालवणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय न्यायदंडाधिकारी महोदय, महोदया,
(प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन)

सविनय नमस्कार.

छाप्यातून ताब्यात घेतलेल्या बायका पीटा म्हणजे अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ खाली आपल्यासमोर उभ्या केल्या जातात. त्यांना घरी जाऊ द्यायचं की सुधारगृहात ठेवायचं आणि ठेवायचं तर किती काळ, हे आपण ठरवता. मी पश्चिम महाराष्ट्रात एचआयव्ही समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. आपला आदेश झाल्यानंतर त्या बाईचं आणि तिच्या गोळ्यांचं काय होतं, हे माझ्यासमोर येतं. कुठल्याही चालू प्रकरणाबद्दल मला इथे बोलायचं नाही. सांगायचं आहे ते एवढंच, की बाईला एचआयव्ही आहे हे तिला कोंडून ठेवण्याचं कारण होता कामा नये. आज ते होतं आहे, कधी आदेशात उघड लिहून, तर बहुतेक वेळा फाइलच्या आत न बोलता.

२०२१ मधलं मुंबईतलं प्रकरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका स्त्रीला पीटाखाली ताब्यात घेतलं गेलं. कागदोपत्री ती पीडिता होती, आरोपी नव्हती. तिला २ वर्षं सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. त्याविरुद्ध दिंडोशीच्या सत्र न्यायालयात अपील झालं आणि ते फेटाळलं गेलं. त्या वेळी दिलेल्या कारणाचा मथितार्थ असा होता : तिला एचआयव्ही आहे, तो शरीरसंबंधातून सहज पसरू शकतो, तेव्हा तिला मोकळं सोडलं तर समाजाला धोका आहे. तिला आत ठेवलं तर तिची काळजी आणि समुपदेशन होईल, असंही त्यात होतं. वर्तमानपत्रांत ही बातमी एक-दोन दिवस आली आणि गेली. आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायकांमध्ये मात्र ती पुढे कितीतरी दिवस फिरत राहिली. "ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आता आत टाकतात का?" हा प्रश्न तेव्हापासून मला अनेकींनी विचारला आहे.

याचं काय उत्तर द्यायचं, हे मला आपल्याकडूनच हवं आहे, कारण कायद्याकडे पाहिलं तर उत्तर स्पष्ट "नाही" असंच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी मालाडच्या छाप्यातून ताब्यात घेतलेल्या ३ तरुणींची सुटका केली. त्यांना वर्षभर सुधारगृहात ठेवण्याचा खालचा आदेश रद्द झाला. वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला कुठे राहायचं, काय काम करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, हे त्या निकालात स्वच्छ लिहिलेलं आहे. कायदा शिक्षा करतो ती कुंटणखाना चालवणाऱ्याला, दुसऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्याला, फसवून आणणाऱ्याला, आणि बाईला फक्त सार्वजनिक जागेजवळ धंदा केल्याबद्दल किंवा गिऱ्हाइकाला खुणावल्याबद्दल. दुसरीकडे, एचआयव्ही असणं हा तर कधीच गुन्हा नव्हता. हयगयीने किंवा द्वेषाने रोग पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २७१ आणि २७२ आहेत. पण ती लावायची तर कृत्य दाखवावं लागतं, आरोप ठेवावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, आणि आरोपीला वकील मिळतो. कलम १७ खाली उभ्या असलेल्या बाईवर यातलं काहीच नसतं. तरीही ती १ ते ३ वर्षं आत जाऊ शकते. धंदा गुन्हा नाही आणि आजार गुन्हा नाही, मग दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आले की कैद कुठून येते?

मला वाटतं, ही कैद एका उपकलमातून येते. कलम १५(५अ) म्हणतं की आपल्यासमोर आणलेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी व्हावी : वयासाठी, अत्याचाराच्या जखमांसाठी, किंवा लैंगिक संसर्गांसाठी. हे उपकलम १९८६ च्या दुरुस्तीने आलं. मद्रासमध्ये भारतातले पहिले एचआयव्ही रुग्ण सापडले तेही याच वर्षी, त्यामुळे या शब्दांमागे एचआयव्हीचा विचार असेल असं वाटत नाही. पुढे पोलिसांच्या आणि रुग्णालयांच्या सवयीने "लैंगिक संसर्ग" यात एचआयव्ही आपोआप धरला जाऊ लागला. बाईला विचारलं जात नाही, समुपदेशन होत नाही, रक्त काढलं जातं आणि रिपोर्ट थेट फाइलला लागतो. बाईच्या परिस्थितीची चौकशी करून आपल्याला अहवाल देणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अहवालात मग वय, शिक्षण, घरची परिस्थिती यांच्या ओळीत आणखी एक ओळ येते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कलम ६ मध्ये न्यायालयासाठी अपवाद आहे, पण समोरच्या वादाचा निर्णय करायला ती तपासणी आवश्यक आहे असं न्यायालयाने आदेशाने ठरवलं असेल तरच. आपल्यासमोरचा प्रश्न असतो की ही बाई सज्ञान आहे का, तिच्यावर जबरदस्ती झाली का, तिला कुठे जायचं आहे. यातल्या कशाचंही उत्तर तिच्या रक्तात नाही. कलम ३ प्रमाणे एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला वेगळं काढणं हा भेदभाव आहे. कलम ३४ प्रमाणे तिची ओळख झाकून, टोपणनावाने, बंद दालनात सुनावणी घेता येते. न्यायालयीन कामकाजातून कळलेली एचआयव्हीची माहिती बाहेर फोडली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि कलम ३१ सांगतं की शासनाच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक माणसाला एचआयव्हीच्या प्रतिबंधाचा, समुपदेशनाचा आणि उपचाराचा हक्क आहे. हे शेवटचं कलम होममध्ये, म्हणजे सुधारगृहात, कसं राबवलं जातं ते थोडं जवळून सांगते.

आमच्याकडे एक बाई नियमित यायची. मुंबईहून परतून आमच्या भागात धंदा करणारी, दोन मुलं शिकवणारी. रोज रात्री जेवण झालं की एक गोळी, टीएलडी, एचआयव्हीवरची. बाटली पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या साडीत गुंडाळलेली, कारण घरवालीला, म्हणजे कुंटणखाना चालवणारीला, माहीत होतं पण शेजारच्या खोल्यांना नव्हतं. तिच्या शेवटच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर "टार्गेट नॉट डिटेक्टेड" (विषाणू आढळला नाही) असं लिहिलेलं होतं. हे तीन शब्द तिने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावले होते आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला होता. छापा संध्याकाळी पडला. सगळ्यांना एका गाडीत बसवलं. पेटी तिथेच राहिली. तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या होममध्ये पाठवलं गेलं. गोळीबद्दल ती पहिले काही दिवस गप्प राहिली, कारण सांगितलं असतं तर ज्या खोलीत दहाजणी झोपतात त्या खोलीत ते त्याच रात्री पसरलं असतं. पण तिच्या गप्प राहण्याचा उपयोग झाला नाही. वैद्यकीय तपासणीचा कागद तिच्याआधीच होममध्ये पोचला होता. फाइलच्या वरच्या कव्हरवर लाल पेनाने एचआयव्ही असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तिचं ताट आणि पाण्याचा मग वेगळे करण्यात आले, अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायचं असं ठरलं.

म्हणजे तिचा आजार सगळ्यांना कळला होता, आणि तरीही गोळ्या मिळत नव्हत्या. एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, न्यायचं तर पोलीस बंदोबस्त लागतो, बंदोबस्त मिळायला पत्र लागतं, पत्रावर सही करणारे रजेवर. तिचं नाव आमच्या केंद्रावर नोंदलेलं, आणि दुसऱ्या केंद्राला ट्रान्स्फरचा कागद हवा. शेवटी होममधल्या एका तरुण काळजीवाहिकेने स्वतःच्या मोबाइलवरून आम्हाला फोन केला. त्या मुलीने नोकरीची पर्वा न करता तो फोन केला म्हणून औषध पुन्हा सुरू झालं. ती बाई सुटून परत आली तेव्हा व्हायरल लोड हजाराच्या वर गेला होता. समाजाला तिच्यापासून वाचवायचं म्हणून तिला आत ठेवलं गेलं होतं. आत जाण्यापूर्वी तिच्याकडून कुणालाही संसर्ग होण्याची शक्यता नव्हती. बाहेर आली तेव्हा ती शक्यता निर्माण झाली होती, आणि ती आपल्या यंत्रणेने निर्माण केली होती.

"शक्यता नव्हती" हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाने वेळेवर उपचार घेतले तर जोडीदाराला होणारा संसर्ग किती थांबतो, हे पाहण्यासाठी ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातली काही जोडपी आपल्या पुण्यातली होती. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने त्यात भाग घेतला होता. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर उपचार सुरू केल्याने संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. त्यानंतरच्या युरोपातल्या अभ्यासांनी आणखी पुढचं सांगितलं : रक्तातला विषाणू दबलेला असेल तर निरोधाशिवायच्या हजारो संबंधांतूनही जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. आज नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्वतः हाच संदेश देते आणि आमच्यासारखे समुपदेशक रोज पेशंटला हेच सांगतात. बाई नियमित गोळी घेते, वर निरोध वापरते. रेडलाइट भागात येणाऱ्या कुठल्याही पुरुषाच्या दृष्टीने ती सर्वांत सुरक्षित व्यक्ती आहे. ज्याने कधी तपासणीच केली नाही अशा गिऱ्हाइकाला मात्र छाप्यानंतर कुणी रक्त द्यायला सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, सगळ्या बायका औषध घेतातच असं नाही. बरोबर आहे. पण घेत नसतील तर त्यांनी घ्यावं यासाठी काय करायचं, याचा आपल्या राज्याइतका अनुभव फार थोड्या ठिकाणी असेल. नव्वदच्या दशकात मुंबईच्या रेडलाइट भागात तपासणी झालेल्या बायकांमध्ये निम्म्याहून अधिक एचआयव्हीबाधित निघत होत्या. आज देशपातळीवर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधलं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आहे. हे छाप्यांनी झालं नाही. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ पासून, सांगलीत संग्राम ही संस्था आणि धंदा करणाऱ्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्या कामातून, कामाठीपुऱ्यात, बुधवार पेठेत धंदा करणाऱ्या बायकांनीच हे काम केलं. निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही असं गल्लीने ठरवलं. पिअर एज्युकेटर, म्हणजे आपल्यासारख्याच बायकांना माहिती देणाऱ्या, झालेल्या बायका खोल्याखोल्यांतून फिरल्या, नव्या मुलीला तपासणीला घेऊन गेल्या, दर सहा महिन्यांनी रक्त द्यायची सवय लावली. सांगलीच्या गोकुळनगर वस्तीतली एखादी वयस्क बाई तरुण मुलीला जे एका वाक्यात पटवते ते मला तासभर बोलून जमत नाही.

ही सगळी इमारत एकाच विटेवर उभी आहे : तपासणी केल्याने माझं वाईट होणार नाही, हा भरवसा. ज्या दिवशी पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे होम असं समीकरण गल्लीत रुजेल, त्या दिवसापासून बायका तपासणी टाळतील. मग कोर्टात "मला माहीत नव्हतं" असं म्हणणारी सुटेल, आणि जिने जबाबदारीने तपासणी केली, औषध सुरू केलं, ती आत जाईल. असं झालं तर एचआयव्ही विरुद्धच्या लढ्यात आम्ही त्यांना कुठल्या तोंडाने बोलवायचं?

हा अनुभव आपल्या देशाने आधी घेतलेला आहे. १९८६ मध्ये मद्रासच्या सरकारी महिला सुधारगृहातल्या बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या अभ्यासातून हे पुढे आलं. देशाला त्या अभ्यासामुळे वेळीच जाग आली. ज्यांच्या रक्तातून हे कळलं, त्या बायकांच्या वाट्याला मात्र मुदत संपल्यावरही कोंडून राहणं आलं, आणि सुटकेसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, ज्याचा धंद्याशी काही संबंध नव्हता, ज्याने फक्त रक्तदान केलं होतं, म्हापशाच्या एका बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस पोलीस पहाऱ्यात ठेवलं गेलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तेव्हा तशी तरतूद होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पण त्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, एचआयव्ही असलेला कामगार काम करायला सक्षम असेल तर त्याला नोकरी नाकारता येत नाही असं ठरवलं, आणि त्याला टोपणनावाने दाद मागू दिली. आठ वर्षांत एका न्यायालयाची दृष्टी इतकी बदलू शकते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडून मी तीच अपेक्षा करते आहे.

आणि १९९६ चा फेब्रुवारी. कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले, चारशेहून अधिक मुली आणि बायका ताब्यात घेतल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या खूप होत्या. त्यांना निरनिराळ्या होम्समध्ये ठेवलं, एचआयव्ही तपासण्या झाल्या, आकडे बाहेर फुटले. त्यानंतर त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार पुढे येईना. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन काहीजणींना नेलं. त्यांत अल्पवयीन मुली होत्या, त्यांना तिथून काढणं गरजेचंच होतं. त्याबद्दल माझं दुमत नाही. अल्पवयीन मुलीला, फसवून आणलेल्या बाईला सोडवायलाच हवं, आणि त्यासाठी पोलीस गेले तर आम्ही त्यांच्याबरोबर जाऊ. पण सोडवलेल्या मुलीच्या कपाळावर रक्ताचा रिपोर्ट चिकटवला की तिचं गावही तिला दार उघडत नाही, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. मलावीतल्या म्वान्झा गावात २००९ मध्ये पोलिसांनी धंदा करतात या संशयावरून बायकांना पकडून संमतीशिवाय तपासलं आणि भर कोर्टात त्यांचा एचआयव्हीचा रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांतल्या ११ जणी उच्च न्यायालयात गेल्या. २०१५ मध्ये न्यायालयाने ती सक्तीची तपासणी घटनाबाह्य ठरवली. ग्रीसमध्ये २०१२ ला निवडणुकीच्या तोंडावर पोलिसांनी अशाच पकडून तपासलेल्या बायकांचे फोटो प्रसिद्ध केले होते, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी पुढे निर्दोष सुटल्या. तोवर त्यांचे चेहरे सगळ्या देशाने पाहिले होते.

१९ मे २०२२ रोजी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या हक्कांबद्दलच्या बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं आहे की पीटाखालच्या गृहांची पाहणी करा, मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रिया शोधा आणि ठरावीक मुदतीत त्यांच्या सुटकेची प्रक्रिया करा. निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नका, असंही त्यात आहे. २०१७ च्या कायद्यात तर देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला निरोध देणारा, तो घेणारी ती आणि तिचं गिऱ्हाईक, यांपैकी कुणावरही त्याबद्दल कारवाई होऊ शकत नाही, हे उदाहरण म्हणून छापलेलं आहे. तरी छाप्याच्या पंचनाम्यात निरोधाची पाकिटं आजही जप्त मुद्देमाल म्हणून येतात. आपल्या टेबलावर तो पंचनामा आला तर कृपा करून विचारा की ही जप्ती कशासाठी.

महिला व बालविकास विभागाला माझी विनंती आहे की सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली ती पाहणी राज्यात कुठल्या गृहात झाली, किती सज्ञान स्त्रिया मर्जीविरुद्ध आत आढळल्या आणि त्यांतल्या किती सुटल्या, हे जाहीर करावं. नावं नकोत, फक्त आकडे. प्रत्येक गृहाशी जवळचं एआरटी केंद्र जोडून द्यावं, बाई दाखल झाल्या दिवशी "तुमचं कुठलं औषध चालू आहे का" हे एकांतात विचारणारी एक प्रशिक्षित व्यक्ती असावी, आणि फाइलच्या कव्हरवर काहीही लिहू नये अशी लेखी सूचना काढावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

आणि आपल्याला, महोदय, महोदया : वैद्यकीय तपासणीचा आदेश देताना "एचआयव्ही तपासणी केवळ संमतीने, आणि अहवाल फक्त संबंधित स्त्रीकडे" हे एक वाक्य त्यात घाला. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या अहवालात तिच्या आजाराचा उल्लेख दिसला तर तो भाग वगळून नवा अहवाल मागवा. कलम १७(५) प्रमाणे आपल्याला पाचजणांचं मंडळ मदतीला घेता येतं, त्यात शक्यतो तीन स्त्रिया हव्यात. त्यातली एक धंदा करणाऱ्या बायकांमधून आलेली, पिअर एज्युकेटर म्हणून काम केलेली का असू नये? बाई घरी जायला निघाली तर तिला जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता द्या, आणि ती काही काळ होममध्ये राहणार असेल, तर त्या दिवशी रात्रीची गोळी तिला कुठून मिळणार आहे हे आदेशावर सही करण्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा.

आपली विश्वासू,
एक एचआयव्ही समुपदेशक
सांगली जिल्हा